हायब्रीड फूल पोरीनं खाल्लं

ते आठवलं का अजून माझ्या छातीत धडधडतं. दोन वर्सं झाली त्याला. पोरगी आता चाळभर हिंडून येते, पन जराशी गप बसली का मी पहिलं तिचं तोंड उघडून बघते, जिभेवर काय हाय का.

कोपरगावाकडच्या एका साखर कारखान्यावर माझे मालक उसाच्या वजनकाट्यावर कामाला. आमी तिथंच चाळीत ऱ्हातो, थोरल्या जाऊबाई शेजारच्या खोलीत. पोरगी तवा वर्साची हुती, दात चार, दिसंल ते तोंडात. ऐन थंडीत कारखान्याच्या गेस्ट हाऊसम्होरं मांडव घालून फुलांचं प्रदर्शन लावलं. जाऊबाई म्हनल्या, "चल गं, बघून येऊ. घरात बसून बुरशी यील तुला."

मांडवात शेवंती हुती, गुलाब हुते, ताटायेवढे डेलिया हुते. कडंला टेबलावर एक लाकडी पट्ट्यांची टोपली, तिच्यात कोळसा न् इटकराचे तुकडे, माती न्हाईच, आनि त्यात ते झाड. जांभळी फुलं, वर गडद ठिपके, मेनाची केल्यावानी, एकाच दांड्यावर लगडलेली. मी बघतच ऱ्हायले. पांढऱ्या जाड मुळ्या टोपलीभाईर लोंबत हुत्या. ह्या मुळ्या मी कुठंतरी बघितल्यात असं वाटत हुतं, पन आठवंना.

त्या नादात कडंवरची पोरगी हलली. बघते तर तिचं तोंड चालू!

बोट घातलं, अर्धं फूल निघालं. अर्धं गेलं पोटात. जीभ जांभळी.

"अगं, फूलच खाल्लं, दगड न्हाई खाल्ला," जाऊबाई हसायला लागल्या.

मी चौथी शिकलेली. टोपलीला पुठ्ठा बांधला हुता, वर इंग्रजी, ते काय मला येत न्हाई, पन खाली मराठीत एकच शब्द. हायब्रीड.

त्याच वर्सी गावाकडं आमच्या शेतात सासऱ्यांनी हायब्रीड ज्वारी पेरली हुती. ते बी लाल भुकटी लावलेलं येतं, कीड लागू ने म्हनून. पाभरीतलं मूठभर अंगनात सांडलं न् कोंबड्यांनी टिपलं. सांजच्याला चार कोंबड्या पाय वर करून. सासरे तवा म्हनले हुते, हायब्रीडला हात लावला तर आधी हात धुवा. आन माझ्या लेकीनं तर ते गिळलं हुतं!

जाऊबाईंना सांगितलं तसं त्यांचं बी हसू गेलं. "धर पोरीला उलटी, वकू दे," म्हनल्या. पोरगी रडायला बी तयार न्हाई, टकामका बघती.

मी पळतच सुटले मांडवात, "झाड कुनाचं, झाड कुनाचं" करत. मोठ्या साहेबांच्या बाई खुर्चीवर बसल्या हुत्या, त्यांचं निघालं. बोलतील, मालकांची नोकरी घालवतील, समदं डोक्यात आलं, पन तोंडातून भसाभसा निघून गेलं. "बाईसाहेब, पोरीनं तुमचं फूल खाल्लं, औषध लावलंया का त्याला, बियाला लावत्यात तसलं?"

बाई उठल्याच. "औषध नाही गं मारलेलं. हायब्रीड म्हणजे दोन जातींच्या झाडांचं लेकरू, एवढंच. रंग त्याचा स्वतःचा आहे."

"मग खाल्लं तर चालतं?"

"खाताना कुणाला पाहिलं नाही मी."

बाईंनी माझ्या हातातलं उष्टं फूल बघितलं न् म्हनल्या, "हे बघ, ह्याचा बाप परदेशातला आहे. आई मात्र आपल्या डोंगरातलीच. सीतेची वेणी म्हणतात तिला."

सीतेची वेनी! माझं माहेर अकोल्याकडं, डोंगराच्या पायथ्याला. तिथं जांभळीच्या खोडाला ह्याच मुळ्या चिकटलेल्या असत्यात. जेष्ठात झुपकं लोंबायचं, आमी पोरी गुरं वळताना ते केसात माळायचो. आन फुलाच्या मागं बारकी पिशवी असती, ती चोखायचो. गोड लागायची. मी हातातलं फूल पालथं केलं. थुकीनं भिजलेलं, चुरगाळलेलं. पिशवी हुती!

"ह्ये आमी चोखायचो, बाईसाहेब. कुनाला काय झालं न्हाई." एवढं बोलले न् परत शंका आली. "पन बापाचं काय? बापाकडनं काय आलं असंल ह्याच्यात?"

बाई टेबलाकडं गेल्या, दांड्यावरचं एक फूल तोडलं न् तोंडात घातलं. चावलं, गिळलं. प्रदर्शनातल्या झाडांचा नंबर काढनारी मानसं तर अजून यायची हुती.

"झालं? आता काय व्हायचं ते आम्हा दोघींना एकदम होईल. चल, माझ्या व्हरांड्यात बस."

जाऊबाई हळूच म्हनल्या, "बया, साहेबाला काय सांगायचं, बाईला कुनी इख घातलं म्हनून?"

व्हरांड्यात मी पोरीला मांडीवर घिऊन बसले. एकदा पोरीची जीभ बघायची, एकदा बाईंचं तोंड. "काय हुतंय का तुमाला?" "कडवट लागलं, बाकी काही नाही." परत इचारायची. त्या कंटाळून गप झाल्या. पोरगी माझ्या बांगड्या वढत हुती, पन मी बाईंकडं बघितलं तर त्यांची मान कलंडलेली, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

मी किंचाळलेच. खांदा धरून गदागदा हलवलं. "उठा! बाईसाहेब, उठा!"

बाई दचकून उभ्याच ऱ्हायल्या. "अगं, काय झालं? मी रोज दुपारी झोपते!"

जाऊबाई पदर तोंडात घालून हसायला लागल्या. पोरगी मात्र माझ्या किंचाळन्यानं भिऊन रडायला लागली, चांगली खनखनीत, आन मला दुसरं काय सुचंना, तिथंच बाईंच्या म्होरं पदर आडवा करून तिला पाजायला घेतली. तिनं जोरानं वढलं तवा माझा श्वास सुटला.

उन्हं कलताना मांडवातून परत निघालो. नंबर शेवंतीला गेला हुता. टोपलीतल्या त्या दांड्यावर दोन जागा मोकळ्या हुत्या, एक खाली, पोरीचा हात पुरला तिथली, एक वर, बाईंनी तोडलेली.