दोन्ही उतरलीत का?

आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत कोणी कुत्र्याचं पिल्लू आणलं की तळमजल्यावरचे काका न बोलावता येतात. पिल्लू नर असेल तर आधी तळहात चोळून ऊब आणतात, मग त्याच्या मागच्या पायांमध्ये हळूच चाचपून बघतात. दोन्ही अंडं खाली उतरलीत का, एवढंच त्यांना बघायचं असतं. पोरं फिदीफिदी हसतात. मलाही तो आगाऊपणाच वाटायचा.

माझ्या पिल्लाला चाचपून ते म्हणाले, "एकच लागतंय. दुसरं पोटात अडकलंय. सहा महिन्यांत नाही उतरलं तर ऑपरेशन करून टाका. आत राहिलं की पुढे त्याची गाठ होते." मग खाली बघत म्हणाले, "मलाही डॉक्टरांनी सांगितलेलं. मी म्हटलं, नराची जात, कशाला खच्ची करायचं?"

त्यांचा कुत्रा पोटातल्या गाठीनेच गेला, हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं.

दुसरं अंड उतरलंच नाही. ऑपरेशन झाल्यावर काका बघायला आले. चष्मा कपाळावर सरकवून, बोट न टेकवता, त्यांनी पोटावरचे टाके मोजले.

"पाचच?" म्हणाले, आणि चहा न घेताच उठले.