बाईंची काळी चार

आमच्या बोरिवलीच्या गाण्याच्या वर्गात बाईंच्या गुरूंचं नाव निघालं की आम्ही सगळ्याजणी कानाच्या पाळीला हात लावतो. कानांचा एवढाच उपयोग आम्हाला वर्षानुवर्षं पुरला.

बाई सत्तरी ओलांडलेल्या. पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून त्या जन्मभर गायल्या. "काळी चार सुटली की शिकवणं बंद," हे त्या दर गुरुपौर्णिमेला सांगायच्या आणि आम्ही दर वेळी गहिवरायचो. मग काळी चार खरंच सुटायला लागली. वरच्या 'सा'पाशी त्यांचा आवाज अडायला लागला. वर्ग बंद पडला तर शनिवारी सकाळी घरातून निसटायला आमच्याकडे दुसरं कारण नव्हतं. बाईंवर जीव होता, तोही खरा. म्हणून त्यांच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा जिच्या शेजारी असेल, ती त्याचं सूर उतरवायचं बारीक बटण हळूच थोडं खाली फिरवायची. त्यावरचे आकडे बाईंना चष्म्याशिवाय दिसत नसत आणि पेटी केव्हाच कपाटावर गेली होती. कुणी कुणाला सांगितलं नाही, काही ठरलंही नाही. एवढी एकजूट आम्ही सोसायटीच्या पुनर्विकासातसुद्धा दाखवली नाही.

अशात वर्गात एक नवी मुलगी आली. दिंडोशीला कुठल्याशा कंपनीत इंजिनिअर. पहिल्याच दिवशी बाईंना म्हणाली, "मॅम, परंपरा आणि टेक्नॉलॉजी एकत्र यायला पाहिजे ना." मॅम ऐकून आमच्या भुवया वर गेल्या. बाई मात्र खूश. पुढच्या शनिवारी तिने आपला मोबाइल बाईंच्या टीव्हीला जोडला. सूर जागेवर लागला तर हिरवी रेघ, घसरला तर लाल. तिने पट्टी विचारली, तेव्हा बाईंनी ताठ बसून सांगितलं, "काळी चार."

बाईंनी सा लावला. रेघ लाल. आम्ही लावला. तेव्हाही लाल. नुसता तानपुरा वाजवून बघितला, तोही लाल.

"यंत्राला काय कळतंय? आपल्याकडे बावीस श्रुती आहेत," मी ठणकावलं. त्यातल्या शेजारच्या दोन मला आजतागायत वेगळ्या ओळखता आलेल्या नाहीत. आमच्यातल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनीने वायफायवर खापर फोडलं.

"वायफायचा काही संबंध नाही ओ काकू," मुलगी म्हणाली. "ॲप बरोबर आहे. तुमचा डबाच खाली लावलाय. पांढरी पाचवर आहे तो. आणि तुम्ही सगळ्या त्याला धरून गाताय, एकदम परफेक्ट."

त्या क्षणी मला त्या मुलीचा मनापासून राग आला. खरं बोलायची एवढी घाई कुणाला असते?

बाईंनी चष्मा मागितला. डबा मांडीवर घेतला आणि आकडे वाचले. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"मी आपली समजत होते," बाई म्हणाल्या, "पहाटेचा रियाज वाढवला म्हणून वरचा सा परत लागायला लागला."

ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

कुणीतरी चाचरत विचारलं, "म्हणजे आता वर्ग बंद का, बाई?"

"काळी चार सुटली की बंद करायचं हेच ठरलं होतं," त्या म्हणाल्या. "पण समोर चुकतंय ते चुकतंय म्हणायचं, हे तुम्हाला शिकवायचं राहूनच गेलं. ते अर्धवट टाकून कशी बंद करू?" मग त्या मुलीकडे वळल्या. "तू इथे पुढे बस गं. आणि तुझ्या त्या ॲपला सांग, पांढरी पाच."

बाईंच्या समोरची जागा माझी. माझ्याआधी तिथे दुसरं कुणी बसलेलं मला आठवत नाही. मी पाण्याची बाटली उचलून मागे सरकले.

बाईंनी सा लावला. आवाज न ओढता, न अडता. रेघ हिरवी झाली आणि त्यांचा श्वास संपेपर्यंत हिरवीच राहिली. मला रडू आलं. ते टेक्नॉलॉजीमुळे की परंपरेमुळे, हे मला त्या मुलीने विचारलं नाही, नशीब.

एवढी वर्षं आम्ही एकत्रच गात होतो, एकीच्या आवाजाआड दुसरी. बाई म्हणाल्या, "आता एकेकीने." आणि माझ्याकडे बोट केलं.