राणीछाप पैसा

"जुना हाय म्हणून काय झालं? उमर तं माही बी झाली. मले कोन इकत घेते?" असं म्हणत ढाणकीचे आमचे चाचा समोरचा पैसा फळीवर आपटायचे. नवे पैसे सुरू होऊन दोनेक वर्षं झाली होती. आजाच्या वेळचा पैसा घेऊन रोज कोणी ना कोणी त्यांच्याकडे यायचं.

त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान, शेजारी माझं किराण्याचं. फाळ आणि कुऱ्हाडी विकता विकता त्यांना जुन्या नाण्यांचा नाद लागला होता. नाद कसला, संतापच!

"टांकसाळीतून पोत्यानं निघालेला पैसा कितीबी जुना झाला तरी पैसाच! कमी निघाला पायजे, अन् तोंड साफ दिसलं पायजे. याच्यावर राजा हाय का म्हैस, तेच समजून नाही राह्यलं!"

माणूस हिरमुसून निघाला, की मागून ओरडायचे, "अरे, चाय तं पिऊन जा!"

एक तांब्याचा राणीछाप पैसा ते कित्येक वर्षं शोधत होते. त्या सालचे टांकसाळीतून फार थोडे निघाले, असं सांगायचे.

एका बाजाराच्या दिवशी शहराकडचा एक नाणी घेणारा माझ्या ओट्यावर येऊन बसला. भाजीवाल्या म्हातारीनं चंचीतून एक पैसा काढून त्याच्यापुढे धरला. सासूनं चिंधीत बांधून कोनाड्यात ठेवलेला.

"काळा पडलाय, आजी. याला कोण विचारतो? तुझं मन राखायला दोन आणे देतो."

तेवढ्यात चाचा आले. त्यांनी पैसा उजेडात धरला आणि त्यांचा चेहराच बदलला. तोच पैसा! तीन आणे म्हटलं असतं, तरी तो त्यांचा झाला असता.

"काळा पडला?" चाचा गरजले. "तांबं हाय, काळं पडनच! राणीच्या केसाची बट न् बट दिसून राह्यली. साल पाहून तुहे डोळे चमकले ते म्या पाह्यले. म्हातारीले खोटं कायले बोलतं?"

मग भाव चढत गेला. चाचांनीही बोली लावली, पण वीस रुपयांपुढे त्यांचा गल्ला संपला. त्या माणसानं पैसे मोजले आणि तो मोटारीत बसून गेला.

गाव चाचांना हसलं. माझा अजून जीव जळतो. खोटं बोलणारा हुशार आणि खरं बोलणारा बावळट? तुम्हीच सांगा! घरात चाचीही कडाडल्या, "बरसों ढूंढा, और मिला तो चिल्लाके दूसरे को दिला दिया!"

"तो क्या बुढ़िया को लूटता?"

पुढच्या बाजारी म्हातारी आली आणि तिनं चाचांच्या हातावर आणखी एक पैसा ठेवला. "कोनाड्यात अजून एक सापडला, भाऊ. तुमच्यासाठी आनला. त्या काळ्या पैशापायी लय भानगड झालती, म्हून हा चिचेनं अन् राखीनं घासघासून आनला."

साल तेच होतं. आणि पैसा आरशासारखा चकाकत होता. घासून अंगचा जुना रंग गेला, की नाणं शौकिनाच्या लेखी मेलंच. चाचांच्या मानेच्या शिरा फुगल्या, तोंड उघडलं. म्हातारी दोन दातांनी हसत त्यांच्याकडे पाहत होती.

चाचांनी तोंड मिटलं.

"बहुत खूब, माय," ते म्हणाले आणि तो पैसा त्यांनी कुर्त्याच्या खिशात जपून ठेवला.

म्हातारी गर्दीत दिसेनाशी झाली. मग ते माझ्यावर कडाडले, "तू काय पाहून राह्यला? गिऱ्हाईक खोळंबलं तुहं!"