दातांत दोरा धरणाऱ्या सुजाताताई

सुजाताताई दातांत दोरा धरूनच बोलायच्या. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या वर, त्यांचं एका खुर्चीचं पार्लर होतं. बाई खुर्चीत रेलली की त्या तिच्यावर ओणवायच्या. दोऱ्याचं एक टोक दातांत, बाकीचा बोटांत, आणि मान सतत मागे-पुढे. सिंधी गिऱ्हाइकांशी हिंदीत आणि माझ्याशी मराठीत, सगळं त्याच दोऱ्याआडून. "हलू नकोस मनीषा. भुवई गेली तर महिनाभर तोंड लपवत फिरशील."

अंबरनाथला त्या आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर राहतात. नवरा लवकर गेला. सासू कितीतरी वर्षं अंथरुणावर होती, तिचं सगळं त्यांनी एकटीनं केलं. आता त्या आणि मुलगा निखिल. बिल्डिंगमध्ये कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं की सुजाताताई पुढे. "घाबरायचं काय त्यात? मी आहे ना!" हे वाक्य त्या इतक्या जोरात म्हणायच्या की घाबरलेलं माणूस निदान दचकून तरी गप्प व्हायचं.

गेल्या वर्षी एकदा माझ्या भुवया करताना दोऱ्यानं कातडी कापली. रक्त आलं. त्यांनी दोऱ्याला शिव्या घातल्या, नवीन रीळ काढलं, पण दोरा बोटांत धरताच येईना. "मुंग्या आल्यात जरा," म्हणाल्या. पार्लर बंद करून आम्ही दोघी खाली उतरलो आणि मी सहज मागे पाहिलं. त्यांच्या डाव्या पायातली चप्पल जिन्यातच राहिली होती. त्या अनवाणी पावलानं रस्त्यावर आल्या होत्या आणि त्यांना पत्ताच नव्हता.

मी चप्पल आणून दिली. त्या चपलेकडे बघत उभ्याच राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "कापसावर चालल्यासारखं वाटतं गं. आणि मान खाली घातली की पाठीतून करंट जातो, पार पायापर्यंत. निखिलला सांगू नकोस." त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, आणि मला भीती वाटली.

एका गिऱ्हाइकानं त्यांना मान मोडून देणारा माणूस सुचवला होता. "एक झटका, दीदी, गर्दन एकदम फ्री!" ताई माझ्या दंडाला धरून त्याच्याकडे गेल्या. त्याच्या दाराला कुलूप होतं. पुढे डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा ते लिहिता लिहिता थांबले. "त्या झटक्यानं हातपाय कायमचे गेले असते," म्हणाले. ते कुलूप मला अजून आठवतं.

शेवटी मी निखिलला सांगितलंच, आणि तो आम्हाला मणक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी ताईंच्या मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारली, तर अंगठा आपोआप आत वळला. ताई त्या अंगठ्याकडे परक्याच्या अंगठ्याकडे बघावं तशा बघत राहिल्या. मानेच्या मणक्यांमधली गादी मागे सरकली होती आणि मज्जारज्जूला दाबत होती.

"ऑपरेशननं पहिल्यासारखं होईल ना?" निखिलनं विचारलं.

"आणखी बिघडू नये म्हणून करायचं. गेलेलं किती परत येईल, ते आज सांगता येणार नाही. पण थांबू नका."

बिल्डिंगमधल्या बायका बोलायला लागल्या. मानेचं ऑपरेशन म्हणजे माणूस उठतच नाही, अमक्याचा मामा तसाच गेला. ताईंनी दार लावून घेतलं.

ऑपरेशनच्या सकाळी मी त्यांच्या खाटेजवळ होते. हिरवा गाऊन, केस टोपीत, चेहरा एवढासा. "मनीषा, सासूबाईंना मी कुशीवर वळवायचे ना, तेव्हा त्या डोळे मिटून घ्यायच्या. मला वाटायचं दुखतं म्हणून. लाजेनं मिटायच्या गं. आता निखिलनं मला वळवायचं का?" त्यांचे दात वाजत होते. मग त्यांनी माझा पदर ओढला. "हात नाहीच हलले, तर माझ्या हनुवटीवरचे केस तू काढशील ना? बाकी कुणाला हात लावू देऊ नकोस."

"काढीन," म्हटलं. घाबरायचं काय त्यात, असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

दुपारी आम्हाला आत सोडलं तेव्हा त्यांच्या मानेला पट्टा होता. गळ्यावर पुढून चिकटपट्टी. नर्स म्हणाली, "मावशी, पाय हलवा." चादर तशीच राहिली. निखिल भिंतीला टेकला. नर्सनं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं. मग चादरीखाली आधी एक अंगठा हलला, मागोमाग दुसरा. ताई डोळे उघडायला तयार नव्हत्या. "हलले का?" घोगऱ्या आवाजात त्यांनी विचारलं. "खरं सांग."

पार्लर आता दुसरी बाई चालवते. ताईंची बोटं अजून बधिर आहेत, दोरा काही धरवत नाही. काठी घेऊन त्या चालतात, प्रत्येक पाऊल बघून टाकतात. कुणी मागून हाक मारली तरी दचकतात. पूर्वीचा तो जोरातला आवाज परत आला नाही.

परवा शेअर रिक्षानं निघालो होतो. रिक्षा खड्ड्यात आदळली तशी ताईंनी घाबरून माझं मनगट पकडलं. नखं रुतली, मी "आई गं!" म्हणून ओरडले.

"खरंच दुखलं?" त्यांनी आपल्या बोटांकडे बघत विचारलं.

"खूप."

त्यांनी हात सोडला नाही. उलट आणखी आवळला, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.