शेजारच्या आबांचा टॉवेल

आधीच सांगते, माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं येतं आणि ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही कळलं नाही, आता तर कुणाला विचारायचीही लाज वाटते. तेवढं सांभाळून घ्यावं. पण एक गोष्ट खात्रीनं लिहिते. अख्ख्या शिवाजी पेठेत आमच्या शेजारच्या आबांएवढा बोलणारा माणूस झाला नाही, आणि त्यांचं सगळ्यात मोलाचं बोलणं झालं ते त्यांची वाचा गेल्यावर.

आबा हेडी होते. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून सौदा जुळवणारा माणूस. वडगावच्या बाजारातून ते घरी आले की सामाईक भिंतीतून आम्हाला सगळा बाजार ऐकू यायचा. कुठल्या म्हशीचं शिंग कसं, कुठल्या बैलाचे दात किती, कुणी कुणाला कसं बनवलं. आमच्या घरात रेडिओ नव्हता, पण त्याची उणीव कधी भासली नाही. मेथीची जुडी घ्यायची तरी ते आधी मेथीला नावं ठेवायचे, मग भाजीवालीच्या पाटीला, शेवटी तिच्या माहेरच्या गावाला. ती चिडून उठली की तिलाच हाक मारून चहा पाजायचे. ओळख नसलेल्या माणसाला 'पावणं' म्हणायचे आणि ओळखीच्याचं नाव आठवलं नाही तर त्यालाही पावणं. गंमत अशी की एवढा बोलका माणूस खऱ्या सौद्याला बसला की तोंड मिटून घ्यायचा. दोन हेडी समोरासमोर बसणार, हातांवर टॉवेल टाकणार आणि आतून एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवणार. भोवतीच्या बघ्यांना काही कळता कामा नये. त्या वेळी जो बोलला तो कच्चा हेडी.

सत्तर सालाच्या पुढची ही गोष्ट. एका सकाळी दात घासता घासता आबा कोसळले. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. महिन्याभरानं दवाखान्यातून घरी आले ते एकच शब्द घेऊन. पाणी हवं, पावणं. डास चावला, पावणं. त्यांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणायचो. त्या मला म्हणायच्या, "चाळीस वर्सं नांदून शेवटाला मी पावणीच की गं." म्हणताना हसायच्या आणि लगेच चुलीकडं तोंड फिरवायच्या.

त्यांचा मुलगा साखर कारखान्यात कारकून होता. त्यानं पाटी-पेन्सिल आणली. आबांनी डाव्या हातानं पेन्सिल घेतली, उलटसुलट पाहिली आणि कानावर ठेवून दिली. मग पोरांचा चित्रांचा तक्ता आणून भिंतीला टांगला, म्हणजे हवं त्यावर बोट ठेवतील. आबांनी लांबूनच तक्त्यावरच्या गणपतीकडं बोट केलं. आक्कांनी लगबगीनं निरांजन लावून आरती केली. आबांचं बोट पुन्हा गणपतीकडं. पुन्हा आरती. तिसऱ्या आरतीच्या मध्यावर उलगडा झाला की तक्ता मोरीच्या दाराला लागून टांगलेला होता आणि आबांना मोरीत जायचं होतं. पण तोवर उशीर झाला होता. नंतर खाटेला बैलाची घुंगरमाळ बांधली. ती वाजली की गल्लीतली सगळी पोरं गोळा व्हायची, पण आबांना काय हवंय ते तरीही कळायचं नाही.

दसऱ्याच्या सुमारास मुलानं ठरवून टाकलं. गगनबावड्याला आबांचे धाकटे भाऊ होते, घरात दोन सुना होत्या. दिवाळी झाली की आबांना तिथं ठेवायचं आणि आक्कांनी इथंच राहून विसावा घ्यायचा. त्याचंही काही वाईट नव्हतं, आईची हाडं दिसायला लागली होती. "त्यांला आता कायबी कळत न्हाय," तो आबांच्या खाटेशेजारीच उभा राहून म्हणाला. आक्का आबांची चादर सारखी करत राहिल्या. आबा आढ्याकडं बघत पडून होते.

दोन दिवसांनी चाचा आले. बाजारात जन्मभर आबांच्या विरुद्ध बाजूनं सौदे करणारे हे मुसलमान हेडी. भांडत भांडत दोघं म्हातारे झाले होते. खाटेवर बसले खरे, पण त्यांना बोलायला काही सुचेना. नुसत्या सवयीनं त्यांनी खांद्यावरचा टॉवेल आबांच्या डाव्या हातावर टाकला आणि आपला हात आत सरकवला. टॉवेल आतून हलायला लागला. मग चाचांनी चटका बसल्यासारखा हात बाहेर काढला.

"ह्यो कुठं आजारी हाय? माझ्याच बैलाचा भाव पाडतोय."

त्या दिवसापासून चाचांनी ती विद्या आक्कांना शिकवायचं मनावर घेतलं. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, मधलं पेर दाबलं की अर्धा, तळहात घासला की सौदा मोडला, मूठ आवळली की ठरला. पण परक्या बाईचा हात ते कसा धरणार? म्हणून ते हवेत दाखवायचे, मी बघून आक्कांचा हात धरायची, आणि आक्का जाऊन आबांचा. त्यातही आक्का अडून बसल्या. दिवसाउजेडी नवऱ्याचा हात धरायचा म्हणजे काय. "टावेल हाय की वर," चाचा म्हणाले, तेव्हा कुठं तयार झाल्या.

आक्कांनी घरचे आकडे ठरवले. एक म्हणजे पाणी, दोन म्हणजे चहा, तीन म्हणजे मोरी. एवढ्यावर भागलं असतं, पण आबांना पहिला भाव मान्य करणं माहीतच नव्हतं. दोन भाकरी म्हटलं की ते दीड दाबायचे. डॉक्टरांनी तीन गोळ्या सांगितल्या होत्या. तीन म्हटलं की आबा एकावर यायचे आणि सौदा दोनावर ठरायचा. मग आक्का पाच गोळ्यांपासून सुरुवात करायला लागल्या. तीनवर ठरलं की आबा जिंकल्यासारखे गोळ्या गिळायचे आणि आक्का स्वयंपाकघरात येऊन मला चिमटा काढायच्या. मुलाला मात्र हे पटायचं नाही. इंजिन बंद केल्यावरही चाक थोडं फिरतं, तशी ही बोटं हलतात, असं त्याचं म्हणणं.

दिवाळी संपली. निघायच्या सकाळी आबांची ट्रंक दारात आली. निरोपाला आलेले चाचा ट्रंकेवरच बसले.

"मालकाला इचारल्याबिगर बाजारातनं बैलबी हालत न्हाय," ते मुलाला म्हणाले. "तू तर मालकालाच न्यायला निघालास. हात घाल."

मुलानं चिडूनच टॉवेलाखाली हात घातला. कच्चा असल्यानं तो सगळं मोठ्यानं बोलत होता, म्हणून आम्हाला कळलं. सहा महिने म्हणाला, आबांनी तळहात घासला. चार म्हणाला, घासला. दोनालाही घासला. त्याच्या कपाळावर घाम आला. मग आबांनी स्वतः आकडा दाबला, पंजा आणि वर तीन.

"आठ महिने?" मुलाचा चेहरा उजळला.

"दिस, लेका, दिस," चाचा म्हणाले. आबांनी मूठ आवळली. ठरलं.

मुलगा हात काढायला लागला, पण आबा सोडेनात. त्यांनी आणखी दोन बोटं दाबली. दोन म्हणजे चहा, म्हणून मी धावत कप आणला. आबांनी मान फिरवली. दोन दिवस का, मुलानं विचारलं. घासला. चाचाही बुचकळ्यात पडले. स्वयंपाकघराच्या दारातून आक्का हळूच म्हणाल्या, "चा न्हवं. दोघं म्हंत्यात. दोघांनी जायाचं."

आबांनी मूठ इतकी आवळली की मुलगा कळवळला. पण त्यानं हात काढून घेतला नाही. चाचा ट्रंकेवरून उठले. आक्कांनी ट्रंक उघडली आणि आबांच्या धोतरांवर आपली दोन लुगडी ठेवली.

आठ दिवस झाल्यावर मुलगा स्वतः त्यांना आणायला गेला. परत कुणी आबांना कुठं ठेवायचं नाव काढलं नाही. संध्याकाळी कारखान्यातून आला की तो टॉवेल टाकून बापाशी खोटे खोटे सौदे करायचा आणि रोज हरायचा. मी भाजी निवडायचं निमित्त करून तिथं जाऊन बसायची. चार माणसांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, लहानपणापासूनचंच आहे ते. पण त्या खोलीत कुणालाच बोलावं लागायचं नाही, आणि कुणी गप्प आहे म्हणून त्याला काही कळत नाही असं कुणी समजायचं नाही. तीन वर्षांनी आबा गेले. बसायला जायची घरं मला पुष्कळ आहेत, पण तसं एकही नाही.