रिकाम्या कारखान्यातला रखडणारा कॉम्प्युटर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात मी आधी झाडूपोछा करायचे. मग मला स्टोअरच्या खिडकीवर बसवलं. कामगार हातमोजे, ड्रिल, पट्टे मागतात. कॉम्प्युटरवर नोंद करून वस्तू द्यायची. चौथी शिकलेल्या बाईला खुर्ची मिळाली, म्हणून टिटवाळ्याहून निघताना मी रोज इस्त्रीची साडी नेसायला लागले.

पण माझा कॉम्प्युटर फार हळू. आकडा दाबल्यावर तो उमटेपर्यंत बाहेर रांग लागायची.

"मावशी, पंचांग बघताय का?"

"अरे थांब रे, ड्रिल मिळेपर्यंत मी रिटायर होतो!"

मी मान खाली घालून हसायचे. उत्तर मला घरी भाजी चिरताना सुचतं.

कॉम्प्युटर बघणाऱ्या मॅडम नौपाड्याच्या. त्यांनी एकदा समजावलं होतं की टेबलावर नुसता पडदा असतो. सगळ्यांचे कॉम्प्युटर काचेच्या खोलीतल्या एका मोठ्या मशीनच्या पोटात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. मोठ्याची ताकद सगळे वाटून घेतात. तक्रार गेल्यावर मॅडमनी माझ्या कॉम्प्युटरची मेमरी दुप्पट केली. फरक शून्य, उलट जास्तच रखडायला लागला.

मग साहेब म्हणाले, "मशीन नाही, हातच हळू आहे. सोमवारपासून दुसरं कोणी बसेल. मावशी, तुम्ही परत साफसफाई बघा." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. सगळे गेले तरी मी उरलेल्या नोंदी भरत बसले होते. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरचे पडदे बंद. तरी माझा कॉम्प्युटर मुंगीच्याच चालीने! म्हटलं, वाटून घ्यायला कोणीच नाही, मग ताकद जाते कुठे? मे महिन्यात आमची बिल्डिंग गावी गेली की नळाला धो धो पाणी येतं. तेव्हाही एखाद्या घरात थेंब थेंबच आलं, तर टाकीला दोष कसा द्यायचा? त्या घराचा व्हॉल्व्हच आवळलेला असणार.

मॅडम अजून होत्या. त्यांच्या दारापर्यंत मी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "काय हो मावशी?" मी एका दमात सगळं सांगितलं, बहुतेक त्यांच्या चपलांना.

त्यांनी खांद्यावरची पर्स खाली ठेवली, काहीतरी उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. माझा कॉम्प्युटर त्यांनी चाचणीसाठीच्या जुन्या कॉम्प्युटरवरून कॉपी केला होता. त्या जुन्याला मेमरीची मर्यादा घातलेली होती, ती तशीच माझ्याकडे आली. मेमरी दुप्पट केली, पण मर्यादा वाढवायची राहिली. कॉम्प्युटर दुप्पट मेमरी धरून कामाला लागायचा आणि मर्यादेला अडकून आणखीच रखडायचा. मोठं मशीन रिकामं असलं तरी त्यापलीकडे मला काही मिळत नव्हतं.

"म्हणजे ताट मोठं दिलं, वाढलं तेवढंच," माझ्या तोंडून निघून गेलं.

"अगदी तेच!" मॅडम जोरात हसल्या. त्यांनी मर्यादा काढली आणि माझ्यासमोरच साहेबांना फोन लावला. "सर, चूक माझी होती. मावशींचे हात ठीक आहेत."

सोमवारी खिडकीवर मीच होते. आकडा दाबताच उमटत होता. रांग इतकी भरभर सरली की कामगारांना गप्पा मारायलाही वेळ मिळेना. जेवणाच्या सुट्टीआधी साहेब स्वतः आले आणि हातमोज्यांची एक जोडी मागितली. त्यांना हातमोजे कशाला लागतात? माझे हात किती भरभर चालतात ते बघायलाच आले असणार. नोंद केली आणि दिले.