दुपार तेवढी माझी

झुंबर गांगुर्डेचा आवाज सायीसारखा मऊ होता आणि हीच त्याची अडचण होती. एकोणऐंशी सालच्या नाशकात रिक्षावर भोंगा लावून जाहिरात करणाऱ्याचा आवाज चार गल्ल्या हलवणारा हवा असे. नमुना ऐकवत तो दुकानोदुकानी फिरला, तेव्हा एक कापडवाले हसून म्हणाले, “झुंबरराव, जाहिरात करताय की गुपित सांगताय?”

शेवटी नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका गादीवाल्या शेठनी त्याला एक दिवस दिला. गिऱ्हाईक आलं तर काम कायम, नाहीतर रामराम. नेमका त्याच दिवशी भोंग्याची बॅटरी चार्ज व्हायला उशीर झाला आणि झुंबर कॉलनीत शिरला तो भर दुपारी, सगळे आडवे झालेले असताना. अशा वेळी भोंगेवाल्यांवर बायका पाणी फेकत. पण हातात दिवस एकच होता. त्याने आवाज अगदी बारीक केला आणि भीत भीत म्हणाला, “शेवरीच्या कापसाची उशी... डोकं टेकवा, डोळे मिटा, शीण आपोआप उतरेल...”

कडुनिंबाच्या सावल्या डुलत होत्या. रिक्षा जणू संथ पाण्यावरून चालली होती. एवढ्यात सुलाबाई नावाच्या एक बाई तरातरा ओट्यावर आल्या. झुंबरने घाबरून भोंगा बंद केला.

“अहो, थांबलात का?” त्या हळूच म्हणाल्या. “सकाळपासून किरकिरणारं पोर आत्ता कुठं पेंगतंय. आणखी एक फेरी मारा. आणि ती उशी कुठं मिळते म्हणालात?”

संध्याकाळी सुलाबाई शेजारणींना घेऊनच शेठच्या दुकानात गेल्या.

पुढे कितीतरी वर्षं झुंबर नव्या दुकानदाराला एवढंच सांगे, “सकाळ-संध्याकाळ कुणालाही द्या, शेठ. दुपार तेवढी माझी.”